खांडबारावाली, वय अंदाजे तीस

सरकारी रुग्णालयात माणूस दाखल झाला की पहिल्यांदा केसपेपर निघतो आणि केसपेपरवर पहिली ओळ नावाची असते. ती ओळ रिकामी राहिली की तो कागद माझ्या टेबलावर यायचा. माझं पद समाजसेवा अधीक्षक. पदाचं नाव ऐकून माझा बाप गावभर सांगत फिरला होता, की पोरगा दवाखान्यात डॉक्टरच्या खालोखाल साहेब झाला. त्याला बिचाऱ्याला काय सांगणार? माझं काम म्हणजे बेवारस रुग्णांचं घर शोधणं, योजनांचे कागद जमवणं, आणि बरा झालेला माणूस घेऊन जायला जो येईल त्याच्याकडे संशयाने बघणं.

यातलं शेवटचं काम कुठल्याही आदेशात लिहिलेलं नाही. ते नोकरीनेच शिकवलं. सुरुवातीच्या काळात एका बोलता न येणाऱ्या म्हाताऱ्याला न्यायला दोन भाऊ आले. "आमचे वडील," म्हणाले, रडले, पाया पडले. मी कागदावर सही केली. चार दिवसांनी खरी मुलगी आली. त्या दोघांना म्हाताऱ्याचा अंगठा हवा होता, जमिनीच्या कागदावर. म्हातारा सापडला, पण त्या दिवसापासून रडणाऱ्या नातेवाइकावर माझा विश्वास उरला नाही. उलट प्रकारही पाहिले. सख्खा मुलगा खाटेजवळ उभा राहून म्हणतो, "हे आमचे नाहीत," आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहतं. अशा ठिकाणी माणूस वर्षानुवर्षं बसला की त्याच्या चेहऱ्यावर एक प्रश्नचिन्ह कायमचं उमटतं. माझी बायको म्हणायची, घरी पाहुणा आला तरी तुम्ही त्याच्याकडे ओळखपत्र मागाल.

या संशयाचा मला अभिमान होता. तो एकदा कुठे चुकला, ते सांगण्यासाठी हा लेख.

ऊसतोडीच्या हंगामातली गोष्ट. एका दुपारी नंदुरबारच्या आमच्या रुग्णालयात गुजरातकडून आलेल्या पिकअपमधून एक बाई उतरवली. मेंदूत गेलेला ताप, बेशुद्ध, हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे. घेऊन आलेला माणूस पन्नाशीचा, कानात बाळी, खिशात दोन मोबाईल. तो टोळीचा मुकादम होता. टोळी म्हणजे ऊसतोड मजुरांचा जथा, आणि मुकादम म्हणजे तो जथा जमवून कारखान्याच्या हद्दीत नेणारा माणूस. केसपेपर काढणाऱ्याने नाव विचारलं तेव्हा मुकादमाने सांगितलं, "खांडबारावाली." काढणाऱ्याने तेच लिहिलं. नाव: खांडबारावाली. वय: अंदाजे तीस. गाव: खांडबारा.

चार दिवसांनी बाई शुद्धीवर आली. डोळे उघडायची, पाणी मागायची खूण करायची, मधूनच दोन-चार शब्द पुटपुटायची. त्याच दिवशी मुकादम केळी घेऊन आला आणि अहिराणीत म्हणाला, "साहेब, बरी व्हयनी ना? मी लई जास तिले."

"तुमचं नातं काय?"

"नातं काय व्हई? मन्ही टोळीमा शे ती."

"नाव काय तिचं?"

"खांडबारावाली."

"अहो, नाव."

"तेच नाव शे साहेब. टोळीमा सगळा तेच म्हनतस."

"नवरा कुठे आहे?"

"एकटीच उनी."

इथे माझे कान टवकारले. ऊसतोडीत काम जोडीवर चालतं. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, आणि ती जोडी मिळून एक कोयता धरला जातो. एकट्या बाईला टोळीत कोण घेतो? मुकादम म्हणाला, एका म्हाताऱ्या विधुराबरोबर तिची कामापुरती जोडी लावली होती. मला ते अजिबात पटलं नाही. दोन मोबाईल, नाव माहीत नाही, नातं नाही, आणि न्यायची मात्र घाई.

वॉर्डात मार्था मावशी होत्या. नवापूरच्या डोंगरपट्ट्यातल्या, खांडबाऱ्यापासून त्यांचं माहेर जवळच. घरी तिथल्या आदिवासींची कोकणी बोली बोलायच्या. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "मावशी, ही काय बोलते?"

"काय माहीत साहेब. तिने डोळे उघडल्यापासून मी आमच्या बोलीत बोलते. ती माझ्याकडे अशी बघते, जशी म्हैस रेल्वेकडे बघते."

"पण ही खांडबाऱ्याची आहे ना?"

"खांडबाऱ्याची असती तर मला कळलं नसतं का?" मावशींनी मुकादमाकडे नजर टाकली आणि हळूच म्हणाल्या, "तो खोटं बोलतो."

मला तेवढंच हवं होतं. मी आवारातल्या पोलीस चौकीवर जाऊन सांगितलं, या माणसाची चौकशी करा. त्यांनी मुकादमाला सकाळपासून दिवे लागेपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. काही निघालं नाही, सोडून दिलं. जाताना तो माझ्या दारात थांबला. ओरडला नाही. केळ्यांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी मी फोन लावला तर बंद. दुसरा नंबरही बंद. मी मार्था मावशींना म्हणालो, "बघा, पळाला. म्हणजे काळंबेरं होतंच." मावशी म्हणाल्या, "नजर ओळखते मी." आम्ही दोघंही फार खूश होतो.

मग शोध सुरू झाला. लोकांना वाटतं, आधारच्या मशिनवर बोट ठेवलं की नाव येतं. तसं होत नाही, मशिन आधी नंबर मागतं. मी तिचा फोटो खांडबाऱ्याच्या पोलीस पाटलाला, सरपंचाला, आशाताईंना पाठवला. मोबाईलच्या गटांवर फिरला. सगळीकडून एकच उत्तर: आमच्याकडची नाही. मी ते उत्तर मुकादमाच्या खोटेपणाच्या पुराव्यात जमा करत गेलो.

तीन आठवडे गेले. बाई उठून बसायला लागली. पण बोलणं जवळजवळ नाही, आणि आमच्यातल्या कुणाला ते कळत नाही. तिच्या खाटेवर दुसरा रुग्ण घ्यायचा होता. डॉक्टर मॅडम चांगल्या होत्या, पण त्यांच्याही दारात खाली गादीवर झोपलेले रुग्ण होते. त्या म्हणाल्या, "नातेवाईक नसतील तर हिला निवारागृहात पाठवा. कागद करा." निवारागृह दुसऱ्या जिल्ह्यात. तिथे तिची बोली कुणालाच येणार नाही. मी आजवर ज्यांना तिथे पाठवलं, त्यांपैकी कुणी घरी परतल्याची बातमी माझ्या कानावर आलेली नाही. ती बाई एकदा त्या गाडीत बसली की कायमची बेपत्ता होणार होती, आणि ती सरकारी शिक्क्याने.

निवारागृहाचा अर्ज हाताने भरायचा असतो. मी पेन उघडलं. नाव: खांडबारावाली. आतापर्यंत ते दुसऱ्याच्या अक्षरात वाचत होतो, पहिल्यांदाच माझ्या अक्षरात उमटलं. आणि मला एकदम शहाद्याच्या कॉलेजातला वर्ग आठवला.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. विषय इतिहास, कारण त्याला प्रयोगशाळेची फी नव्हती. आमचे इतिहासाचे सर ग्रीस शिकवताना युद्धं भराभर संपवायचे आणि घरातल्या माणसांवर रेंगाळायचे. एकदा त्यांनी फळ्यावर एक शब्द लिहिला: थ्रट्टा. म्हणाले, "अथेन्समधल्या घराघरांत या नावाची मोलकरीण असायची. अर्थ सांगा." कुणी म्हणालं देवीचं नाव, कुणी म्हणालं फुलाचं. सर म्हणाले, "थ्रेस नावाचा मुलूख होता. थ्रट्टा म्हणजे थ्रेसवाली. सीरियातून आणलेल्याला सिरोस म्हणायचे, लिडियातल्याला लिडोस. जहाजातून गुलाम उतरायचे, त्यांची भाषा कळायची नाही, नाव जिभेवर बसायचं नाही. मग मालक मुलुखाच्या नावाने हाक मारायचा. पुढे पुढे थ्रट्टा म्हटलं की लोकांना मोलकरीणच कळायची."

मागच्या बाकावरून मी विचारलं होतं, "सर, मग तिचं खरं नाव काय?"

"ते कुणी लिहून ठेवलं नाही," सर म्हणाले. "आणि गंमत ऐका. एफेसस हे बाजाराचं मोठं गाव होतं. तिथे गुलाम घेतला की कुणी कुणी त्याचं नाव एफेससवाला ठेवत. तो जन्मला कुठे हे विचारण्याची गरज नव्हती. नावात त्याचं गाव नसायचं, त्याला जिथे घेतला तो बाजार असायचा."

वर्गात हसू उसळलं, कारण सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वसतिगृहात मला "म्हसावद" म्हणायचे. मी म्हसावदचा नव्हतोच. माझी वस्ती तिथून आत, शेतरस्त्याने तासभर. पण एसटी म्हसावदला मिळायची, म्हणून मी म्हसावद. तीन वर्षं मी त्या हाकेला ओ दिली होती.

अर्ज तसाच ठेवून मी मॅडमकडे गेलो आणि तीन दिवस मागून घेतले.

बाजाराच्या दिवशी खांडबाऱ्याला उतरलो. फोटो खिशातच ठेवला. स्टेशनाबाहेर भज्यांची गाडी लावणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, इथून ऊसतोडीला कुठकुठचे लोक जातात?"

म्हातारा झाऱ्याने भजी उलटत म्हणाला, "टोळ्या अठेच भरतस. कोठूनबी येवो माणूस, अठे गाडीमा बसना की अठला व्हई जास. तठे गुजरातमा कोण इचारस? खांडबारावाला म्हनी टाकतस."

मी तिथेच उभा राहिलो. मुकादम खोटं बोलला नव्हता. त्याला जेवढं माहीत होतं तेवढं त्याने खरं सांगितलं होतं.

मुकादम विसरवाडीचा, एवढं त्याने बाईला दाखल करताना सांगितलं होतं; तिथे त्याचं घर सापडायला वेळ लागला नाही. महामार्गाच्या कडेला पत्र्याच्या घरांची ओळ होती, तिथे कानातली बाळी सांगताच कुणीही मुकादमाचं दार दाखवत होतं. दारात त्याची बायको लसूण सोलत बसली होती. मी कुठून आलो ते सांगताच तिने सूप बाजूला सरकवलं.

"आते कसाले उनात? आखो पोलीस लयनात का?"

"नाही वहिनी. चूक झाली, ते सांगायला आलो."

"चूक! बाईले मरू दिनं नही, सोतानी गाडी करी दवाखानामा लई गयात, तर तुम्ही तेसलेच चोर बनाडं. तेस्ना दिन तुमना बाकवर गया, आन् टोळी दुसरा मुकादमसंगे निंघी गई. आमनं गाव बी हाई नही, धंदासाठे अठे पडेल शेतस. आते काय करवा आम्ही?"

मुकादम आतून आला. मला पाहून त्याने बायकोला हाताने थांबवलं, आणि खाट पुढे ओढली. "बठा साहेब."

मी बसलो आणि हात जोडून म्हणालो, "चुकलं माझं."

"चुकनं तुमनं, हंगाम गया मन्हा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, ते जास्त लागलं. "बाई कशी शे?"

"बसते आता. पण तिचं घर सापडत नाही. तुमच्याकडे यायच्या आधी ती कुठे होती?"

"नंदुरबारले, मिरचीनी पथारीवर. तठल्या बाया संगे गाडीमा बशी खांडबाराले उनी. तठे तिले धडगाववाली म्हनेत."

माझ्या तोंडून निघून गेलं, "हे तेव्हाच का नाही सांगितलं?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही इचारं का? तुम्ही इचारं, तुमनं नातं काय."

त्याच्या बायकोने चहा आणून माझ्यासमोर आदळला. तो चहा मी शेवटच्या घोटापर्यंत प्यालो.

बाहेरच्यांसाठी सांगतो: पथारी म्हणजे लाल मिरची वाळत घालायचं मोकळं मैदान. नंदुरबारच्या आसपास हंगामात अशी मैदानं लालभडक दिसतात, आणि तिथे मिरची पसरायला, निवडायला बायका लागतात. ज्या पथारीवर ही बाई काम करत होती, ती माझ्या टेबलापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर होती. मी खांडबाऱ्याला फोटो पाठवत बसलो होतो.

पथारीवरची देखरेख करणारी बाई फोटो पाहताच म्हणाली, "धडगाववाली ना! औंदा मधमाच निंघी गई. काय करं तिनी?"

"काही केलं नाही. आजारी आहे. तिचं नाव काय?"

"नाव?" ती जरा गोंधळली. मग ओढणीने नाक झाकलेल्या एका म्हातारीला हाक मारली. म्हातारी सातपुड्यातली पावरी बोली बोलणारी, मराठी जेमतेम. तिने फोटो हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. मग मान हलवली. धडगाव नाही. धडगाव म्हणजे बसचं गाव. बाई त्याच्याही पलीकडच्या पाड्याची, बस संपते तिथून डोंगर चढून जायचं. म्हातारीला तो पाडा माहीत होता, कारण तिची बहीण तिथे दिलेली होती.

मी म्हातारीला रिक्षात बसवून वॉर्डात आणलं. मार्था मावशी दारात आडव्या उभ्या. "ही कोण? ओळख आहे का काही? साहेब, मागच्या वेळेसारखं व्हायला नको." मी म्हणालो, "मावशी, तिला आत जाऊ द्या."

म्हातारी खाटेच्या कडेला बसली, बाईच्या पायाच्या अंगठ्याला हात लावला आणि तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली. आणि जी बाई तीन आठवडे दोन शब्दांच्या पुढे गेली नव्हती, ती बोलायला लागली. थांबेचना. शेजारच्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या. मार्था मावशी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "आणि मी म्हणत होते, हिच्या जिभेवरून वारं गेलं."

बाईने स्वतःचं नाव सांगितलं. ते मी इथे छापणार नाही. ते शोधायला आम्हाला एवढे दिवस लागले, आता ते तिच्याजवळच राहू द्यावं. दोन अक्षरी आहे, एवढंच सांगतो. मी केसपेपरवरची जुनी ओळ खोडून ते लिहिलं, खाली वडिलांचं नाव, पाडा, तालुका. निवारागृहाचा अर्ज फाडला. सरकारी कागद फाडण्याचा आनंद मला नोकरीत तेवढा एकदाच मिळाला.

दोन दिवसांनी तिचा भाऊ आला. उंच, काटक. मी दिलेला चहा त्याने घेतला नाही. बहिणीचे दोन्ही हात उलटसुलट करून तपासले, सुयांच्या खुणांवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत जे होतं ते मी लगेच ओळखलं, कारण मी आयुष्यभर लोकांकडे तसंच पाहिलं होतं. म्हातारीकरवी त्याने विचारलं, हिला इथे कुणी आणलं? मी म्हणालो, मुकादमाने, त्याच्यामुळे ती जगली. भावाने पुन्हा विचारलं, त्याचं नाव काय?

"विसरवाडीचा आहे," मी म्हणालो.

भावाने मान डोलावली. बहिणीचा हात धरून तो बसस्टँडकडे निघाला. दारातून वळताना बाईने मार्था मावशींकडे पाहून हात वर केला. माझ्याकडे तिने पाहिलं नाही, आणि पाहावं असं मी काही केलंही नव्हतं.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. निरोपाच्या भाषणात साहेबांनी याच बाईची गोष्ट सांगितली, टाळ्या पडल्या. या अंकासाठी लिहायला घेतलं तेव्हा तपशील चुकू नये म्हणून जुन्या डायऱ्या काढल्या. मला बारीकसारीक नोंदी ठेवायची सवय आहे. त्या दिवसांच्या पानांवर बाईचं पूर्ण नाव होतं. भावाचं होतं. पथारीवरच्या म्हातारीचं होतं, तिच्या बहिणीचंही होतं. आणि चार ठिकाणी, माझ्याच अक्षरात, एक नोंद होती: "विसरवाडीवाला."

पुढची-मागची पानं पाहिली. त्याच्या खाटेवर मी बसलो होतो, त्याच्या घरचा चहा प्यालो होतो. त्याची बायको सांगत होती की हे आमचं गाव नव्हे. त्याने हंगाम गमावला होता, तोही माझ्यामुळे. आणि मी त्याला नाव विचारलं नव्हतं. चौकीच्या वहीत असेल, पण मी ती वही कधी उघडली नाही. डायरीतले दोन्ही नंबर लावून पाहिले. अस्तित्वात नाहीत, असं सांगण्यात आलं.

गेल्या महिन्यात एसटीने विसरवाडीला गेलो. महामार्ग रुंद झालाय. पत्र्याच्या घरांची ओळ होती तिथून आता ट्रक जातात. एका चहाच्या टपरीवर थांबलो. टपरीवाल्याने कप धुता धुता मला खालून वर न्याहाळलं.

"कोणले शोधी ऱ्हायनात?"

"एक मुकादम होता. ऊसतोडीचा."

"अठे मुकादम भलता शेतस. नाव काय त्यानं?"

मी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. त्याचा संशय वाढला.

"तुम्ही कोण? कथाईन उनात?"

"नंदुरबारहून."

त्याने मागे वळून आतल्या माणसाला हाक मारली, "ओ आप्पा, हाऊ नंदुरबारवाला कोणले तरी शोधी ऱ्हायना, देख बरं!"

मी बाकावर बसलो. चहा सांगितला. मग टपरीवाल्याला माझं नाव सांगितलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आणि माझ्या वस्तीचंही. म्हसावद म्हणालो नाही. तो कप हातात धरून माझ्याकडे बघतच राहिला, की हा माणूस हे सगळं मला का सांगतोय. मी पिशवीतून वही काढली, नवीन पान उघडलं, आणि मुकादमाबद्दल काहीही विचारण्याआधी त्याला म्हणालो, "तुमचं नाव काय, भाऊ?"